खोटा भोंगा

भाग्यश्री मगदूम मिरजेजवळच्या एका सूतगिरणीत प्रोग्रॅमर होती. वय सव्वीस, हसायला लागली की थांबायची नाही. गिरणीचा भोंगा आता संगणकावरून वाजणार होता. सकाळी पाळी सुरू, बाराला जेवणाची सुट्टी, पाचला घरी, सगळं आपोआप. प्रोग्रॅम तिचाच. त्या दिवशी सकाळपासून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

सव्वादहाला तिनं प्रोग्रॅमच्या सात चाचण्या एकदम चालवल्या. प्रत्येक चाचणी भोंग्याची ‘वाजव’ ही मेथड, म्हणजे भोंगा वाजवणारा कोडचा तुकडा, बोलवायची.

भोंगा खरंच वाजला. सात वेळा.

शेजारच्या शाळेतली पोरं दप्तरं उचलून पळाली. गिरणीचे टाइमकीपर सयाजी, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, धापा टाकत दारात उभे.

“मॅडम, पहिल्या भोंग्याला सुट्टी झाली, दुसऱ्याला पाळी चालू झाली, तिसऱ्याला परत सुट्टी! आता मान्सं आत घेऊ का भाईर काढू?”

भाग्यश्री डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग हात जोडले. “काका, चुकलं. आत घ्या.”

कॉलेजातला मित्र विश्वजित पुण्यात होता. तिनं त्याला फोन लावला.

“स्टब कर की,” तो म्हणाला. “चाचणीपुरती खरी ‘वाजव’ बाजूला ठेवायची. तिच्या जागी खोटी. ती नुसतं ‘वाजला’ म्हणणार आणि आपल्याला कितीदा बोलावलं ते मोजणार.”

तासाभरात झालं. सातही चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, आणि बाहेर चिडीचूप. ती खुर्चीतच गोल गोल फिरली.

“काय वाजलं न्हाई,” सयाजी डोकावून म्हणाले.

“तेच तर, काका!”

शनिवारी पाळी सुटल्यावर तिनं भोंग्याचा कोड नीटनेटका केला. ‘वाजव’चं नाव बदलून ‘सुरू कर’ ठेवलं. भोंगा कधी वाजवायचा ते सांगणाऱ्या वेळापत्रकाच्या कोडमध्ये मात्र जुनंच नाव राहिलं. चाचण्या तरीही हिरव्याच.

सोमवारी आठ वाजले, भोंगा गप्प. माणसं फाटकाशी गप्पा मारत बसली. शेवटी सयाजींनी खिशातली शिट्टी काढून फुंकली आणि “चलाऽ पुढं!” असं ओरडले. अख्खी पाळी हसत हसत, हात हलवत, कवायत करत आत गेली.

भाग्यश्रीनं शोधलं. खऱ्या भोंग्याकडे आता ‘वाजव’ नावाचं काही उरलंच नव्हतं, तरी खोटी ‘वाजव’ बिनधास्त उत्तरं देत होती. तिनं चाचण्यांना नवा नियम घातला. खऱ्यात जी मेथड नाही, तिचा स्टब चालणार नाही. मग चाचण्या चालवल्या.

“सातच्या सात नापास!” ती टाळ्या पिटत ओरडली.

सयाजी चक्रावले. “नापास झाल्याव येवढा आनंद?”

“काका, आता त्या खरं बोलायला लागल्या!”

तिनं वेळापत्रकातलं आणि खोट्या मेथडचंही नाव बदललं. सगळं हिरवं झालं. बाराच्या ठोक्याला भोंगा वाजला, एकदाच. भाग्यश्री दोन-दोन पायऱ्या उतरत आवारात पळाली आणि ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना विचारत सुटली, “ऐकलासा का? ऐकलासा?”