समोर येऊन बोला

बुलढाण्याच्या कानाच्या दवाखान्यात एक छोटी खोली आहे, भिंतींना गादी लावल्यासारखी. तिथे कानांवर हेडफोन चढवतात, हातात बटण देतात आणि बारीक आवाज आला की दाबायला सांगतात. याला ऑडिओमेट्री म्हणतात, म्हणजे कोणत्या कानाला किती ऐकू येतं त्याचं मोजमाप. मी मन लावून बटण दाबत होते. थोड्या वेळाने तपासणाऱ्या मुलीने दार उघडलं आणि म्हणाली, "ताई, मी अजून आवाज सोडलाच नाही."

मग इतका वेळ मी ऐकत होते ती माझ्याच कानातली शिट्टी.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. दोन्ही कानांना सेन्सोरीन्युरल हिअरिंग लॉस, म्हणजे कानाच्या आतल्या बारीक पेशी आणि नस थकल्यामुळे आलेला बहिरेपणा. शिट्टीला टिनिटस म्हणतात. बाहेर काही वाजत नसताना कानात वाजत राहणं. डॉक्टर म्हणाले, "आवाज कमी पोचतो, म्हणून मेंदू स्वतःच ती जागा भरतो. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं सांभाळता येईल. हिअरिंग एड लावा आणि चक्की बंद करा."

हिअरिंग एडचं ऐकून घेतलं. चक्कीचं नाही.

देऊळघाटला आमची पिठाची चक्की आहे. बावीस वर्षं मीच चालवते. यजमान शेती पाहतात आणि हंगामात सोयाबीन काढायचं मळणीयंत्र ट्रॅक्टरला लावून गावोगाव फिरतात. चक्कीनेच कान खाल्ले हे मलाही कळतं, मी काही दुधखुळी नाही. पण गावातली प्रत्येक बाई आठवड्यातून एकदा माझ्या दारात येते, दोन गोष्टी बोलून जाते. ते सोडून घरात बसायचं आणि दिवसभर शिट्टी ऐकायची, हा इलाज मला मंजूर नव्हता.

इथवर माझं बरोबर होतं. चूक पुढे केली. घरी येऊन मी कोणालाच काही सांगितलं नाही. दातासाठी गेले होते म्हणाले.

बहिरेपणा लपवणारं माणूस मान फार हलवतं. आमच्या शेजारच्या सुमनबाईंचा मारुतीला नवस होता, रोडग्यांचा, म्हणजे कणकेचे जाड गोळे भाजून पंगत घालायचा. त्यांनी पोतंभर गहू आणून टाकला आणि माझी पाठ त्यांच्याकडे असताना, चक्की सुरू असताना काहीतरी सांगितलं. मी वळून मान हलवली. त्या गेल्या. आता रोडग्याला गहू जाडा, रवाळ दळायचा असतो, नाहीतर तो कडक होतो, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक आहे. मी मात्र सगळा गहू पोळीसारखा बारीक दळून ठेवला.

शनिवारी मळ्यातल्या मारुतीपाशी पंगत बसली. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे ताटात आले. वांग्याची भाजी होती, वरण होतं, तूप होतं, आणि रोडगा काही केल्या फुटेना. माणसं गुडघ्यावर आपटून फोडायला लागली. कोणीतरी ओरडलं, "काकूनं चक्कीचा दगडच दळला वाटते!" सगळी पंगत हसली. सुमनबाई हसल्या नाहीत. त्यांचा नवस होता. त्या माझ्या अगदी तोंडासमोर येऊन म्हणाल्या, "म्या तुले दोनदा सांगतलं होतं, जाडं दळजो म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यजमान समोरच जेवत होते, त्यांनी मान वर केली नाही.

घरी आल्यावर त्यांना दवाखान्याचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "चक्की भाड्यानं देऊन टाकू. लोकाईले हसू काऊन द्यायचं?"

त्या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. लोक हसले ते मी बहिरी आहे म्हणून नाही, मी ते लपवलं म्हणून. दुसऱ्या दिवशी पत्र्याचा तुकडा रंगवून चक्कीच्या दारावर ठोकला: 'चक्कीवालीला कमी ऐकू येते. समोर येऊन बोला.'

यजमान फार चिडले. "गावभर दवंडी कायले पिटून राह्यली?"

"गावाले ठावं हाय," मी म्हणाले. "फक्त माह्या तोंडून ऐकलं नोतं."

बुलढाण्याहून हिअरिंग एड आणलं, आणि पाटीसोबत कामाची रीतही बदलली. चक्की सुरू असताना कानांवर जाड इअरमफ असतात, म्हणजे आवाज अडवणारी झाकणं. हिअरिंग एड तेवढा वेळ डबीत. आधी एक मूठ दळते, पीठ गिऱ्हाइकाच्या चिमटीत देते, त्यांनी मान हलवली की पुढचं. मान हलवायचं काम आता त्यांचं. दगड कसा चालला आहे ते लाकडी चौकटीवर तळहात ठेवून समजतं.

हिअरिंग एडचे पहिले पंधरा दिवस भांड्यांचा आवाज डोक्यात शिरायचा. काढून फेकावंसं वाटेल, फेकू नका. रोज थोडा वेळ वाढवा. शिट्टी गेलेली नाही. झोपताना पंखा लावते, दिवसा तिच्याकडे लक्ष देत नाही. आणि कोणी कानात लसणाचं तेल घालायला आलं, तर वाटी घेऊन ते भाजीत ओता.

पाटी वाचून काही जण हसले, मग एकेक जण थांबायला लागला. फवारणीचा पंप चालवणारे, बँडवाले. "काकू, मलेही वाजते," म्हणायचे. मी डॉक्टरांचा पत्ता द्यायची.

मागच्या मंगळवारी दुपारी दळण जोरात होतं. चार डबे रांगेत, बाया उभ्या. यजमान शेतातून आले. एरवी ते मागूनच हाका मारतात, ओरडतात, चिडतात. त्या दिवशी बायांच्या रांगेतून वाट काढत माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले. ओठ हलले. इअरमफमुळे काही कळलं नाही, पण चेहरा मी वाचला. बावीस वर्षांत दळण अर्धं असताना मी कधी चक्कीचा स्विच पाडला नव्हता. तो पाडला. दगड थांबेपर्यंत ते तसेच उभे होते. मी झाकणं काढली, डबीतलं हिअरिंग एड कानात बसवलं.

"आता बोला."

"माह्याही कानात वाजते," ते चारचौघींसमोर म्हणाले. "तीन साल झाले."