अन्नपूर्णाबाई लॅपटॉप निवडतात

सोनाळ्याच्या अन्नपूर्णाबाई भाजी डोळ्यांनी निवडत नाहीत, हातांनी निवडतात. त्यांचं सगळं आयुष्य वांग्याच्या वाफ्यात आणि आठवडी बाजारातल्या गोणपाटावर गेलं. कोबी उचलावा, तळहातावर तोलावा आणि जड लागला तरच घ्यावा. वांग्याचं मात्र उलटं. वांगं जड लागलं की आत बिया भरल्या असं समजावं. हलकं वांगं गोड निघतं. गिऱ्हाईक कितीही घाई करो, या बाई तोलल्याशिवाय कुणाच्या पिशवीत वांगं टाकत नाहीत. आमच्या गावाला या हाताचा अभिमान आहे.

घरात नवरा इंद्रभान आणि मुलगा प्रज्वल. दोघंही अबोल. जेवताना "मीठ" एवढा एक शब्द कुणी बोललं तरी पुष्कळ. दीड वर्षापूर्वी समीक्षा सून होऊन आली आणि त्या घराला वाचा फुटली.

समीक्षा मोबाइलवर डिझाइनचं काम करायची. बारशाच्या पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, लोणच्याच्या बरणीवरचं लेबल. दिवेलागणीला सासू-सुना ओट्यावर बसत आणि समीक्षा मोबाइलचा पडदा सासूपुढे धरी.

"आई, पिवळा बरा दिसते का?"

"हा कोरड्या हळदीचा हाय वं. नवरीच्या अंगाले लावाची हळद भिजल्यावर कशी व्हते, तसा कर."

समीक्षा बोट फिरवी आणि पिवळा हळूहळू मुरत जाई. अन्नपूर्णाबाईंना अक्षरं जेमतेम लागतात. पण गावात वाटल्या गेलेल्या निम्म्या पत्रिकांचे रंग त्यांनी ठरवले आहेत. ही गोष्ट त्या बाजारात कुणालाच सांगत नाहीत आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढे मलकापूरच्या छपाईवाल्याचे निरोप येऊ लागले. मोबाइलवरचं चित्र मोठ्या बॅनरवर फुटतं, लॅपटॉपवर करून पाठवा. प्रज्वल म्हणाला, घेऊन टाका. त्याची कारखान्यात दिवसपाळी, म्हणून सासू-सुनाच एसटीने मलकापूरला निघाल्या.

समीक्षाला सहावा महिना होता. पुढच्या महिन्यात ओटी भरली की तिचे वडील तिला मोताळ्याकडच्या माहेरी नेणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. अन्नपूर्णाबाईंना रीत मान्य होती, पण बाजारात शेजारी बसणारी जनकाबाई काहीतरी बोलून गेली होती. "माही सून तीन महिन्यांसाठी गेली, वर्ष झालं. तुही सून तर कामधंद्याची हाय. तिकडंच काम जमलं तर कायले परत येते?"

अन्नपूर्णाबाई हसल्या होत्या. पण ते बोलणं वांग्याच्या देठाच्या काट्यासारखं बोटात राहून गेलं होतं. दिसत नव्हतं, पण हात लागला की सलत होतं.

दुकानदार शेखरने समोर दोन लॅपटॉप मांडले. एक मोठा, जाडजूड. दुसरा लहान, पाटीसारखा पातळ. अन्नपूर्णाबाईंनी सरळ दोन्ही हातांत दोन्ही उचलले. शेखर काउंटरवरून पुढे झेपावला.

"मावशी, पडन ना!"

"तोलाचा हात हाय भाऊ. याच्यातून आजवर काही पडलं न्हाय."

शेखर कपाळावरचा घाम पुसत सांगू लागला. "रॅम दोन्हीत सारखी. मोठ्यात ग्राफिक्स कार्ड वेगळं हाय, व्हिडिओ करायचे असले तर हा घ्या. पण याची चार्जिंग लवकर उतरते. घरी एका जागी ठेवून वापराचा माल हाय. पत्रिका, बॅनरच करायचे असतील तर लहानाचंही काम भागते."

एका जागी. अन्नपूर्णाबाईंच्या कानाला तेवढंच गोड लागलं. मशीन सोनाळ्यात राहिली तर मशीनवाली सोनाळ्यात येईल.

"मोठाच द्या," त्या म्हणाल्या. "पाहा कसा कोबीसारखा भरला हाय."

समीक्षाने बारशाची एक पत्रिका दोन्ही पडद्यांवर उघडून घेतली. "आई, एकडाव पिवळा तर पाहा."

अन्नपूर्णाबाईंनी पाहिलं. मोठ्या पडद्यावर हळद कोरडी होती. लहानावर ती भिजली होती, नवरीच्या अंगावर असते तशी.

"मले दोन्ही सारखेच दिसून राह्यले," त्या म्हणाल्या.

समीक्षाने चमकून सासूकडे पाहिलं. रंगाच्या बाबतीत ही बाई कधी खोटं बोलली नव्हती. पण ती वाद घालणारी पोर नव्हे. "बरं," म्हणाली आणि तिने लहान लॅपटॉपचं झाकण अलगद मिटलं. मिटल्यावरही तिचा हात त्यावरून लवकर निघाला नाही.

शेखरने मोठा लॅपटॉप बॅगेत घालून दिला. समीक्षाने बॅग खांद्याला लावली तशी ती एका अंगाला कलली आणि दुसरा हात आपोआप पोटावर गेला.

अन्नपूर्णाबाईंनी बॅगेला खालून हाताचा टेकू दिला. "काऊन वं, माहेरी नेशीन का हा?"

"कसा नेऊ आई? फाट्यापासून घरापर्यंत पायी जा लागते. आन आमच्याकडं लाइटीचा भरोसा नाही. राहू द्या इथंच."

"आन तवरक काम?"

"तवरक बंद. गिऱ्हाईक जाईन तर जाऊ द्या." समीक्षाने खांद्यावरचा पट्टा सावरला. "मी तर ठरवलं होतं, रोज दिवेलागणीले तिकडून तुम्हाले फोटो धाडीन. पिवळा बरा का म्हणून इचारीन. तुम्ही सांगितल्याबिगर मले तो जमत नाही."

दुकानात पंखा फिरत होता. अन्नपूर्णाबाई स्टुलावर बसल्या, पदराने उगाच तोंड पुसलं. मग उठून सुनेच्या खांद्यावरची बॅग त्यांनी स्वतः उतरवली.

"भाऊ, हा ठेवून घ्या. हे कोबीचं काम न्हाय. हे वांगं हाय."

"वांगं?" शेखरला काहीच कळेना.

"हलकं पाह्यजे. तो लहान द्या. आन समीक्षा, पिवळा याच्यातच बरा दिसते. मघाशी खोटं बोलली मी."

"मले कळलं होतं," समीक्षा म्हणाली.

"मंग बोलली काऊन न्हाय?"

"तुम्ही खोटं काऊन बोलल्या, ते कळलं नव्हतं."

सुनेचा हात धरून अन्नपूर्णाबाई दुकानाच्या पायऱ्या उतरल्या, आणि बसस्टँड येईपर्यंत तो हात त्यांनी सोडला नाही.

परतीच्या एसटीत लॅपटॉप त्यांच्याच मांडीवर होता, पदराखाली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वरच्या फळीवर ठेवा." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. खिडकीबाहेर कपाशीची शेतं मागे जात होती. समीक्षा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती.

"आई, आपल्या बाळाच्या बारशाची पत्रिका मी तिकडं करीन. पण तुम्ही रंग पास केल्याबिगर छापाले देणार नाही."

अन्नपूर्णाबाईंनी लॅपटॉपवरचा पदर सारखा केला.

"पिवळा नको," त्या म्हणाल्या. "वांग्याच्या फुलाचा जांभळा घेऊ."

"तो कसा असते?"

"असा सांगून कळत न्हाय. झाडावर पाहा लागते. उद्या सकाळी चाल माह्यासंग वावरात."