अम्मीला गोल डिफरन्स कळतो!

मंडळी, मी अजून धक्क्यातून सावरले नाहीये.

आज अबुधाबीतल्या खलिफा सिटीहून अम्मीकडे करामाला गेले होते. माझा धाकटा भाऊ इम्रान इंग्लंडमध्ये नोकरी करतो. तो राहतो त्या शहराच्या फुटबॉल क्लबची आज सीझनमधली शेवटची मॅच होती. वरच्या डिव्हिजनमध्ये जायचा चान्स होता. फुटबॉलला ‘बिनकामाची लाथाळी’ म्हणणारी माझी अम्मी सुरमई साफ करता करता मोबाईलवर तीच मॅच बघत होती!

मी विचारलं, "जिंकायलाच हवं ना?"

"ड्रॉ पण चालेल. पॉइंट्स सारखे झाले तरी गोल डिफरन्समध्ये आपण पुढे आहोत."

आपण??

मॅच ड्रॉ झाली आणि क्लब खरंच वर गेला. अम्मीने हात धुतले आणि लगेच इम्रानला फोन लावला. पाऊण तास दोघं हसत होते.

फोन ठेवून म्हणाली, "टीम हरली की तो नुसतं हं-हं करतो. म्हणून आधी स्कोअर बघते, मगच फोन लावते. अख्खा सीझन."

आता परतीच्या बसमध्ये बसलेय. अम्मीचा फोन मला कधीच चुकीच्या वेळी येत नाही. मला तो योगायोग वाटायचा.

माझं काय बघत असेल ती?