चेन्नई ते तंजावर, गिंडीमार्गे

मदुरांतकमच्या तलावाशेजारी चहाला थांबायचं म्हणून मी डावा इंडिकेटर दिला आणि पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर नाचायला लागला. माझं सगळं बदललं ते तिथे. टिक, काटा वर. टिक, काटा खाली. मागच्या सीटवर शरण्या हसली. माझ्या शेजारी बसलेले तिचे अप्पा हसले नाहीत.

आधी थोडं मागे जातो. मी सांगलीचा. इंजिनिअरिंगसाठी चेन्नईत आलो, तिसऱ्या वर्षाच्या मध्यात एका सरांशी कडाक्याचं भांडण केलं आणि कॉलेज सोडलं. तेव्हापासून तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये राहतो. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांची लॉज: एक खाट, एक पंखा, आणि खिडकीतून शेजारच्याचा पंखा. दोन गल्ल्या सोडून शरण्याचं घर. ही तंजावरकडची मराठी माणसं. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली, अजून घरात जुनं, तमिळच्या चालीवरचं मराठी बोलणारी. मी तिच्यावर किती मरतो ते इथे लिहीत नाही, ती हा ब्लॉग वाचते.

तिने घरी माझं नाव सांगितलं तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले होते, की मुलगा बरा आहे, पण धरलेलं अर्ध्यात सोडतो. मला ते इतकं झोंबलं की दोन दिवस मी त्या गल्लीतून गेलो नाही. मग कळलं, अप्पांच्या थोरल्या बहिणीकडे तंजावरला जायचंय आणि त्यांची जुनी गाडी इतक्या लांब न्यायला ते कचरतायत. मी म्हटलं, मी नेतो. माझ्याच हट्टाने गिंडीच्या सेल्वम अण्णांकडून हेडलाइटला नवा रिले, म्हणजे दिव्यांना थेट बॅटरीची वीज देणारा स्विच, बसवून घेतला. समुद्राच्या खाऱ्या हवेने बॉनेटच्या आतला पत्रा गंजला होता, तो मी स्वतः घासला आणि झकास काळा रंग दिला. दोन हात. बॅटरी काढून, परत बसवून. आतून गाडी अशी चमकली की मी शरण्याला फोटो पाठवला.

गुरुवारी पहाटे पाचला निघालो. तुम्ही जाणार असाल तर हीच वेळ साधा. सहानंतर तांबरमला अडकलात की तास गेलाच. चेंगलपट्टूला पोंगल आणि वडा, तिघांचं मिळून अडीचशेत झालं. तिथपर्यंत खिडक्या उघड्या होत्या. ऊन चढलं तसा अप्पांनी एसी लावायला सांगितला, आणि त्यानंतर ब्रेक दाबला की ब्लोअर मान टाकायचा. पुढे तो काटा. मग ॲक्सिलरेटर जड झाला. बॉनेट उघडलं तर ॲक्सिलरेटरच्या केबलने हाताला चटका दिला.

मी लगेच निकाल लावला: सेल्वमने वायरिंगची वाट लावली. टपरीसमोर उभा राहून त्यांना फोन केला आणि मला येत असलेलं सगळं वाईट तमिळ वापरलं. चोर म्हणालो. तुमच्या दुकानाला टाळं लावतो म्हणालो. टपरीवरची माणसं ग्लास हातात धरून ऐकत होती.

फोन ठेवल्यावर अप्पा म्हणाले, "कां ओरडतोस? तो मनुष्य येथें नाही."

त्यांनी बॅग काढली, तंजावरकडे जाणाऱ्या बसला हात केला. चढताना शरण्या माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडी घेऊनच ये. कारणं घेऊन येऊ नकोस." बस गेली. पाण्यावर बगळे होते, बघायला छान जागा आहे, पण मला काही दिसत नव्हतं.

एसी, ब्लोअर, दिवे सगळं बंद ठेवून पंचाहत्तर किलोमीटर मागे आलो. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, लेथ मशीनच्या रांगेत सेल्वम अण्णांचं शटर आहे. भांडायच्याच तयारीने उतरलो. अण्णा गाडीजवळ आले. बॉनेट उघडून वाकले, पाहिलं, आणि विचारलं की रंग कोणी दिला.

मी म्हटलं, मी.

"छान दिलायस, तंबी," असं धाकट्या भावाला म्हणावं तसं तमिळमध्ये म्हणून त्यांनी मल्टिमीटर माझ्या हातात ठेवला.

त्यांचा एक नियम आहे. ज्या गिऱ्हाइकाने त्यांच्या कामाला नाव ठेवलं, त्याच्या गाडीला ते पुन्हा हात लावत नाहीत. चूक कुठे आहे ते गिऱ्हाइकाने दाखवायचं. म्हणाले, "मी हात लावला आणि बरी झाली, तर तू म्हणशील यानेच तोडलं, यानेच जोडलं." हत्यारं हवी ती घे, जागा घे, चहा घे. आणि ते दुसऱ्या गाडीखाली शिरले.

मी आधी त्यांचा रिलेच उघडला. टेप सोडवली, एकेक जोड पाहिला. सोल्डरचा डाग इतका स्वच्छ होता की मला राग आला. मग सगळे फ्यूज काढून लावले. डॅशबोर्ड खोलला. संध्याकाळी सहापर्यंत गाडीची आतडी बाहेर होती आणि चूक सापडली नव्हती. एकदा स्क्रूड्रायव्हर भिरकावला. अण्णांनी तो उचलला, पुसला, माझ्या बाजूला आणून ठेवला. आगीत तेल ओतायचंच काम ते. पण तोच स्क्रूड्रायव्हर उचलून पुन्हा वाकलो.

खोलीवर शरण्याचा मेसेज होता. पोचलो. अप्पांनी गाडीबद्दल काही विचारलं नाही. म्हणजे त्यांना वाटलं होतं तसंच झालं होतं. मी ठरवलं, उद्या मोजल्याशिवाय एकही वायर सोडवायची नाही, आणि सापडल्याशिवाय जेवायचं नाही.

शुक्रवारी आठला पुन्हा गिंडी. दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीपासून पुढे प्रत्येक ठिकाणी व्होल्टेज मोजत गेलो आणि पुठ्ठ्यावर लिहीत गेलो. बॅटरीवर साडेबारा. फ्यूजवर जवळपास तेवढंच. रिलेच्या पुढेही तेवढंच. वीज जायला कुठे अडथळा नव्हता. पुठ्ठा भरला आणि मी तिथेच फरशीवर बसलो. तेव्हा सोडून दिलेल्या कॉलेजमधली एक प्रयोगशाळा आठवली, आणि लक्षात आलं की मी फक्त जाण्याचा रस्ता मोजतोय. गाडीत वीज परत येते ती पत्र्यातून. तो रस्ता मी मोजलाच नव्हता.

मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनवर: शून्य. मग दुसरी टोचणी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर: दोन पॉइंट एक. तिथेही जवळपास शून्य हवं. बॅटरीपासून बॉडीला एकच अर्थिंगची वायर जाते. तिच्यावर बोट ठेवून सरकत गेलो आणि बोट जिथे थांबलं तिथे माझा काळा रंग होता. चकचकीत. दोन हात.

दहाच्या पान्याने बोल्ट काढला. वायरचं टोक मी रंगावरच बसवलं होतं. बोल्टच्या आट्यांतसुद्धा रंग. दिव्यांची, ब्लोअरची सगळी वीज परतीला वाट शोधत, बॉडीला इंजिनशी जोडणाऱ्या त्या बिचाऱ्या ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जात होती, म्हणून ती तापली. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा चांदीसारखी होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन लावलं. मीटर शून्याजवळ आला. इंडिकेटर दिला. काटा ढिम्म. (तुमच्याही गाडीत एक दिवा लावल्यावर दुसरा मंदावत असेल, तर नवीन बॅटरी घ्यायच्या आधी हे मोजा.)

अण्णा तेव्हा एग्मोरच्या मागे पुदुपेटला जुने पार्ट आणायला गेले होते. थांबलो असतो तर तास गेला असता. मी डॅशबोर्ड जोडला, शेजारच्या लेथवाल्याला काम झाल्याचं सांगितलं आणि साडेबाराला सुटलो.

विक्रवांडीला महामार्ग सोडून डावीकडे वळायचं. पनरुटीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फणस आणि काजू, गरे घ्या. पुढे रस्त्याचं काम चालू आहे, घाई करू नका. कुंभकोणमची कॉफी पितळेच्या डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, येते, तीही घ्या. मी घेतली, पण उभ्यानेच. दिवेलागणीला तंजावरात शरण्याच्या आत्याबाईंच्या दारात हॉर्न वाजवला, गरजेपेक्षा बराच लांब.

पानावर बसलो तेव्हा अप्पांनी विचारलं, काय झालं होतं. जुनी वायर होती म्हटलं असतं तरी चाललं असतं. शरण्या वाढत होती, तिचा हात थांबला. मी सांगितलं: चूक माझी होती. रंग मीच दिला, त्याच्यावरच अर्थिंग बसवलं, सेल्वमचं काम चोख होतं.

अप्पांनी भात कालवला. मग म्हणाले, "हें त्या सेल्वमला सांगितलास?"

मी म्हटलं, ते दुकानात नव्हते.

"मग काम अर्धेंच झालें की रे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन दिवस, उपाशी, साडेतीनशे किलोमीटर! मी तोंड उघडलं आणि शरण्याने सांबाराची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी सांबार खाल्लं. रात्री ओट्यावर पडून विचार केला तेव्हा दिसलं की म्हातारा बरोबर आहे. चोर म्हणताना मी दहा माणसांना ऐकवलं होतं. चूक कबूल करायला मला एक तास नव्हता.

रविवारी परतलो, पूर्ण रस्ता एसी लावून. मदुरांतकम आलं तसे अप्पा पुढे वाकून म्हणाले, "इंडिकेटर दे पाहूं." दिला. काटा जागचा हलला नाही. तलाव संपेपर्यंत ते काट्याकडे पाहत होते, मग टेकून झोपले.

आता खोलीवर येऊन हे लिहितोय. या प्रवासातून काय उरलं? गाडीत बॉनेटच्या कोपऱ्यात नाण्याएवढी उघडी जागा उरली आहे. तिथे पुन्हा रंग देणार नाही. बाकीचं तंजावर, देऊळ, राजवाडा, मी धड पाहिलंच नाही. त्यासाठी दुसऱ्या कुणाचा ब्लॉग वाचा.

आज सोमवार. सकाळी अप्पांकडे किल्ली द्यायला गेलो आणि म्हटलं, गिंडीला सेल्वम अण्णांची माफी मागायला जातोय. त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. किल्ली घेतली, पाहिली, परत माझ्या हातात ठेवली. बसने गेलास तर तो शटर लावून चहाला जाईल, म्हणाले. शरण्या चप्पल घालत होती. तिला म्हटलं, नको, हे मी एकटाच करतो. ती उंबऱ्यातच थांबली, हसली नाही, पण बाजूला झाली.

मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.