ठिपका ढळला नाही

सयाजी फौजेतून पेन्शनवर आला आणि शहाण्णव साली कराडच्या एका कॉलेजची बस चालवू लागला. पुढच्या वर्षभरात त्याची नजर कडेकडेनं विझत गेली. समोरचं लख्ख दिसायचं, डाव्या-उजव्या अंगाला नुसता काळोख. डोळ्यांच्या तपासणीत पाटीवरची अक्षरं तो घडाघडा वाचायचा, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. बायकोलासुद्धा नाही.

त्यात कॉलेजातल्या रेश्मा मॅडमनी त्याला प्रयोगाला धरलं. व्हिडिओ गेममध्ये माणूस किती रंगतो, हे त्या खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर कॅमेरा रोखून बघायच्या. तो जिथं बघेल, तिथं शेजारच्या पडद्यावर पांढरा ठिपका सरकायचा.

"मॅडम, आमाला न्हाई जमायचं ह्ये."

त्यांनी बसवलंच.

खेळातली मोटार सुटली आणि सयाजीच्या पाठीला घाम फुटला. पाटीला फसवलं होतं, ठिपक्याला कसं फसवणार? डावीकडून गाड्या येऊन आदळत होत्या आणि ठिपका आपला मधोमध, खिळा ठोकल्यागत. आता सगळं उघडं पडणार, म्हणून तो श्वास रोखून बसला.

"कमाल केलीत सयाजीराव!" मॅडम म्हणाल्या. "एवढे आदळलात, पण नजर ढळली नाही. इतकं रंगून कुणीच खेळलं नव्हतं. उद्या मुलांची सहल कुंभार्ली घाटातून कोकणात निघालीय. बस तुम्हीच घ्या, मी प्राचार्यांना सांगते."

खरं काय ते ओठांपर्यंत आलं.

"व्हय, मॅडम," एवढंच बाहेर पडलं.

तो उठला, तसं डाव्या बाजूचं स्टूल त्याच्या गुडघ्याला लागून धाडकन आडवं झालं.

"सावकाश," मॅडम हसल्या. "अजून खेळातच आहात वाटतं!"