फिरत्या बाई

फिरत्या बाईंचा आवाज त्यांच्याआधी शाळेत पोचायचा. फाट्यावर रिक्षातून उतरल्या की तिथूनच त्या कुणाशी तरी बोलत यायच्या आणि माझ्या वर्गातली पोरं पाढे सोडून खिडकीकडे बघायची. बाई मूळच्या भिवंडीतल्या कामतघरच्या, घराच्या दोन्ही अंगांना खडखडणारे लूम. "आमच्याकडे हळू बोलणारा उपाशी राहतो," असं त्या सांगायच्या. मी स्वभावाने शांतताप्रिय, म्हणजे बायकोच्या भाषेत आळशी. बाई आल्या की माझं डोकं दुखायचं, आणि एखाद्या आठवड्यात आल्या नाहीत की करमायचं नाही.

त्यांचा हुद्दा विशेष शिक्षिकेचा. ज्या मुलांना शिकायला जास्तीची मदत लागते, त्यांच्यासाठी आसपासच्या गावांतल्या शाळा पालथ्या घालायच्या. नोकरी कंत्राटी, दरवर्षी नवा करार. आमच्या दिघाशीत त्यांचं खरं नाव कुणी लक्षात ठेवलंच नाही. शाळेत शिरताच त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गुरुजी, पोर पटावर आहे की वर्गात आहे?" मी काही सबब सांगेपर्यंत त्या त्या पोराच्या घराकडे निघालेल्या असायच्या.

भारती त्यांना अशीच सापडली. वय आठ-नऊ, समज सावकाश, बोलणं जवळजवळ नाहीच. आई राहनाळच्या गोदामात पॅकिंगला जायची. सकाळी भाकरी आणि पाण्याचा तांब्या ठेवायची आणि बाहेरून कडी लावून निघायची. ती काही दुष्ट नव्हती. पोरगी रस्त्यावर गेली तर काय, ही तिची धास्ती. बाईंनी तिला एका शब्दाने बोल लावला नाही. शेजारच्या काकूंना भारतीची ने-आण करायला राजी केलं, त्याबद्दलचा सरकारी मदतनीस भत्ता खटपट करून मिळवून दिला, आणि दाराची कडी निघाली.

शिकवण्याची बाईंची रीत मात्र अजब होती. शाळेत जो कोणी येईल त्याला धरून त्या भारतीसमोर उभा करायच्या आणि तीन प्रश्न विचारायला लावायच्या. नाव काय, गाव कोणतं, आज काय खाल्लं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी सुटल्या नाहीत, गॅसची टाकी आणणारा सुटला नाही. तो बिचारा पुढे पुढे टाकी खाली ठेवायच्या आधीच विचारायला लागला, "आज क्या खाया, बेटा?" "आपल्या माणसांना तिचं कळतंच," बाई म्हणायच्या. "परक्यापुढे बोलली, तर ती तरेल." भारती महिनोन् महिने एकच उत्तर द्यायची, भात. मग एके दिवशी स्पष्ट म्हणाली, बोंबील. त्या दिवशी बाईंनी जो आरडाओरडा केला, त्याने शेजारचा वर्गही उठून आला.

बैठकीत बाई वरिष्ठांशी भांडायच्या. मदत कुणाच्या मर्जीवर नको, हक्काने हवी, हा त्यांचा धोशा. पुढे खरंच व्यवस्था बदलली. ज्या मुलाकडे चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल, त्याला विशेष शिक्षिका आणि भत्ता मिळणारच, कुणी अडवायचं नाही. बाईंनी आनंदाने शाळेला जिलेबी वाटली. आम्ही ती मिटक्या मारत खाल्लीही.

दाखल्यासाठी भिवंडीत शिबिर लागलं. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी हसून नाव विचारलं, आणि भारतीने परक्या माणसाला पाहताच तिन्ही उत्तरं एका दमात दिली. पुढचंही बरंच सांगितलं. टक्के भरले चाळीसच्या आत. परतताना रिक्षात बाई एवढंच म्हणाल्या, "माझं शिकवणंच आडवं आलं, गुरुजी."

बाईंच्या भेटी थांबल्या, कारण आता त्या दाखल्याच्या मुलांनाच देता येत होत्या. भत्ता बंद झाला. काकू मजुरीला जायला लागल्या. त्यांना तरी काय म्हणणार? थोड्याच दिवसांत मी भारतीच्या घरावरून जाताना पाहिलं, कडी पुन्हा लागली होती. खिडकीच्या गजांमागून मी न विचारताच तिने सांगितलं, "भाकर."

फेरतपासणीची सोय होती, म्हणून आम्ही पुन्हा भिवंडीला गेलो. रांगेत भारतीची आई बाईंना म्हणाली, "बाय, आज हिला गप ऱ्हायला सांगा. ही बोलली का आमचं परत तेच हाय." बाई भारतीपुढे बसल्या आणि मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "आज कुणी काही विचारलं तरी बोलायचं नाही." भारतीला तो खेळ वाटला. ती ओठ घट्ट मिटून आत गेली आणि तशीच बाहेर आली.

दाखला मिळाला. काकू परत आल्या, बाई परत आल्या, कडी निघाली. पण भारती परक्यापुढे बोलेना. गॅसवाल्याने विचारलं, तिने ओठ मिटले. मावशींनी विचारलं, तेच. फक्त बाईंशी आणि माझ्याशी कुजबुजायची. दाखला काही वर्षांपुरताच होता, पुन्हा तपासणी होणार होती. तिला बोलती करावी तर कडी, न करावी तर आजवरचं सगळं पाण्यात. बाई माझ्यासमोर खुर्चीत नुसत्या बसून राहायच्या. मला त्यांचा राग कधीच आला नाही. राग येतो तो कोणावर काढायचा, तेच कळत नाही.

मग बाईंना कायम केल्याचा हुकूम आला, नेमणूक दुसऱ्या तालुक्यात. निरोपाला खात्याचे मोठे साहेब आले होते. भाषण झाल्यावर ते भारतीपुढे वाकले आणि प्रेमाने म्हणाले, "बाळ, नाव काय तुझं?"

भारतीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने बाईंचा पदर ओढला आणि अगदी हळू विचारलं, "बाय, बोलू?"

दारात तिची आई उभी होती, कामाचा खाडा करून आलेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं.

"आज नको, बाळा," बाई म्हणाल्या.

साहेब सरळ उभे राहिले आणि म्हणाले, पोर लाजाळू दिसते. बाई हो म्हणाल्या.