ताई, तीन डबे छर्रे आन् नारायणगडाचा खोटा नवस

पहिलंच सांगून टाकतो, मी खोटं बोललो. तेबी देवाच्या नावानं. ताईच्या सासूपुढं हात जोडून म्हणलो, "मावशी, आईनं नारायणगडाचा नवस बोललाय, लेकीला घेऊनच फेडायचा हाय. सांजच्याला आणून सोडतो." मावशी म्हणल्या, "देवाचं हाय तर जाऊ दे माय." आन् आमी निघालो बीडला, बंदूक मारायला.

ताई म्हंजी माझी थोरली बहीण, मनीषा. कॉलेजात एअर रायफलीत जिल्ह्यात नंबर काढायची. गेवराईला आमच्या घरामागच्या भिंतीवर मी बाटल्यांची बुचं मांडायचो, ती एकेक उडवायची. चार वर्षांखाली तिला तलवाड्याला दिली. सासरी म्हणले, सुनेच्या हातात बंदूक बरी दिसत न्हाई. तवापासून रायफल आमच्या घरी गोधडीत. भिंत हाय, बुचं हायती, पण एकट्यानं मारायला मजा येत न्हाई राव.

मग मोबाईलवर दिसलं, बीडजवळ माळावर मैदानी नेमबाजी, कुणीबी या. पहिल्या सहा जणांना पुढच्या स्पर्धेला पुण्याला न्यायचं होतं. ताईला फोन लावला. ती हळूच म्हणली, "छर्रे कोणते घेतले?" झालं, त्याच मिनिटाला मी नवस बोललो.

तुमाला जायचं असलं तर तलवाड्याहून सकाळची एसटी धरा, गेवराईला गाडी बदला. बाईमाणसाला अर्धं तिकीट हाय. खिडकी उजवीकडची घ्या, डावीकडं ऊन डोळ्यात घुसतं. रायफल मी गेवराईच्या स्टँडवर पानटपरीवाल्याकडं ठेवलती, ती घेतली. कंडक्टर लांब पिशवीकडं बघून म्हणला, "काय हाय बे ह्यात?"

"वीणा. गडावर चाललोय."

"मग वाजव की जरा."

"तार तुटली मामा. बीडला तीच लावायची हाय."

ताई खिडकीबाहेर बघत होती, पण खांदे गदगदा हलत होते. लई दिवसांनी बघितले तसे हलताना.

बीडला स्टँडबाहेर गरम भजे, चहा. तिथून हमीदचाचाचं दुकान. चाचा शिलाई मशीन दुरुस्त करतो, जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकाबी. म्हणलो, "चाचा, सगळ्यात भारी छर्रे." त्यानं तीन डबे मांडले. चपट्या तोंडाचे, टोकदार, आन् गोल डोक्याचे जड. मी टोकदार उचलले, सुईवानी. "हे बघ ताई, ससा आरपार!"

"शिकार का नाम लिया तो दुकान के बाहर," चाचा खेकसला. "जेल जाना क्या तेरे को?"

ताईनं विचारलं, "चाचा, ह्यातला चांगला कोणता?"

"मेरे को कायको पूछ रई बेटी? बंदूक को पूछ. उसको जो भाया, वोइच सीधा जाता."

"काय भावतं असं विचारतंय तरी कोण," ताई म्हणली, आन् तिन्ही डबे घेतले.

माळावर दहा मीटरपासून चाळीसपर्यंत लोखंडी पत्रे उभे केलते. नेम बसला की पत्रा पडणार. सरावाला अर्धा तास, कागदाच्या निशाणांवर. चपटे छर्रे जवळून झकास, कागदाला कातरल्यासारखं गोल भोक, म्हणून कागदावरच्या स्पर्धेत तेच वापरतात. पण लांब गेले की वारं त्यांना ओढून न्यायचं. माझे टोकदार दिसायला कडक, पण दोन छर्रे एका जागी पडतील तर शप्पथ. गोल डोक्याचे पाच मारले, पाची भोकांवर रुपयाचं नाणं ठेवलं तर झाकतील! बंदुकीनं सांगून टाकलं.

मग ताई एकेक छर्रा तळहातावर फिरवून बघायला लागली. काही बाजूला टाकले.

"कावून गं? नवे तर हायती."

"मागची कड दबलीय. हवा तिथूनच ढकलती, वाकडाच जाईल."

चार वर्षांत कायबी इसरली न्हाई ती.

पहिला पत्रा हुकला. हिला उगाच आणली असं वाटलं. मग तिनं श्वास सोडला. टण्. परत टण्. दहातले आठ पाडले, सहावी आली. पुण्याची यादी लिहिणाऱ्या वहीवाल्यानं नाव विचारलं, तर तिनं माहेरचं सांगितलं. तिच्या तोंडून ते नाव मी किती दिवसांनी ऐकत होतो.

परसाद तर न्यायला पायजे, म्हणून रिक्षा करून खरंच बीडजवळच्या नारायणगडावर गेलतो. भाव आधी ठरवा, वर गेल्यावर रिक्षावाल्याचा आवाज बदलतो. ताई लई वेळ हात जोडून उभी. मी विचारलं, "काय मागितलं?"

"माफी. आजच्या खोट्याची. पुढच्याचीबी."

रायफल परत पानटपरीवर ठेवून दिवेलागणीआधी तलवाड्यात पोचलो. मावशीनं परसाद कपाळाला लावला, मग ताईची बोटं बघितली. "काळी कशानं झाली गं?" शिशाची होती ती. मीच म्हणलो, "समईची काजळी, मावशी." ताईनं माझ्याकडं बघितलंच न्हाई. हात धुवायला गेली.

आता घरी रायफल परत गोधडीत, गोल छर्र्यांचा डबा माझ्या उशाला. दुपारी सासू झोपली की ताईचा फोन येतो. बाकी काही इचारत न्हाई, म्हणती, "डबा हलव." मी फोनजवळ डबा हलवतो. खळ्ळ. मग म्हणती, "झाकण घट्ट लाव, दमट लागलं की पांढरे पडतात," आन् ठेवून देती.

पुण्याला दोन दिवस लागतात. दोन दिवसाचं खोटं मला अजून सुचलेलं न्हाई, तुमाला सुचलं तर कळवा. पण पाया पडतो तुमच्या, तलवाड्यात तुमचे पाव्हणे असले, सोयरे असले, कुणी कुणी असलं, तरी ह्यातलं एक अक्षर बोलू नका. ताईला तेवढं एकदा पुण्याला जाऊ द्या.